पत्त्यावरची शाळा

ह्यूस्टन सोडून न्यू जर्सीस जाण्याचे ठरले तेव्हा आमची कन्या दहावीत प्रवेश करणार होती. अमेरिकेत सार्वजनिक शाळा राहत्या पत्त्यावरून मिळते, आणि तिचा मोठा खर्च त्याच भागातील मालमत्ता करातून भागतो. चांगली शाळा म्हणजे महाग घर. वेशीबाहेर वाढलेल्या पिढ्यांच्या वारसांना नकाशावरची अशी रेष वाचायला शिकवावी लागत नाही.

परिचितांनी एकमुखाने वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो हे स्कूल डिस्ट्रिक्ट सुचवले. निकाल उत्तम, आपली माणसे पुष्कळ! याच डिस्ट्रिक्टने २०१५ साली विद्यार्थ्यांवरील ताण पाहून हायस्कूलच्या सहामाही व अंतिम परीक्षा बंद केल्या, हे मात्र कोणी सांगितले नाही. शिवाय ‘आपली माणसे’ या शब्दांपाशी आम्ही थबकतो. ह्यूस्टनमध्ये एका मैत्रिणीच्या घरी कन्येला आडनावावरून गाव आणि गावावरून जात विचारली गेली होती. तेव्हा ती तेरा वर्षांची होती.

हायस्कूल पूर्ण करण्यास टेक्सासात साधारणतः २६ क्रेडिट लागतात, न्यू जर्सीत किमान १२०, मोजमापच निराळे. म्हणून तिची गुणपत्रके आम्ही तीन शाळांच्या समुपदेशकांकडे पाठवली. दोघांनी नियम कळवले. तिसऱ्या बाईंनी नियमांसोबत विचारले, मुलीला काय आवडते? ती शाळा क्रमवारीत मध्यम, तेथील घरभाडे आवाक्यातले, मुले नाना देशांची. तेथेच भाडेकरार केला.

कन्येने एकच अट घातली: यापुढे कोणी आडनाव विचारले, तर उत्तर तीच देईल, आम्ही मध्ये बोलायचे नाही.