टेलचे भागधारक

आमच्या प्रवरेच्या खोऱ्यात 'शेअर' म्हटले की एकच वस्तू डोळ्यांपुढे येते : साखर कारखान्याचा शेअर. तो आजोबांच्या नावावर असतो, पत्र्याच्या पेटीत घडी घालून ठेवलेला असतो आणि दिवाळीला त्यावर स्वस्तात साखर मिळते. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू केला, तेव्हापासूनची ही समजूत. शेअर घ्यायचा असतो, तो विकायचा कधी नसतो, हेही आम्ही धरूनच चाललो होतो. त्यामुळे २०१८ साली भंडारदऱ्याच्या मामांनी 'चीनमधल्या पाण्याचे शेअर' घेतल्याची बातमी अकोल्याला आमच्या घरी आली, तेव्हा वडिलांचा घास हातातच राहिला. मी आठवीत होतो. मला वाटले, मामा आता चीनला चालले!

मामा कुठेही चालले नव्हते. ते त्याच वर्षी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. उभे आयुष्य त्यांनी धरणावर पाण्याची पातळी वाचण्यात आणि वहीत लिहिण्यात घालवले. विल्सन धरणाची कथा ते अशी सांगत, जणू १९१० साली पाया खणताना स्वतः हजर होते. "सोळा वरसं लागली, भाच्या. सव्वीस सालच्या डिसेंबरात गव्हर्नर आला आन् त्याचंच नाव दिलं. दोनशेसत्तर फूट दगडी भिंत!" धरणात सुमारे अकरा टीएमसी पाणी मावते, हे आम्हा भाचरांना पाढ्यांच्या आधी पाठ झाले होते.

आणि या अकरा टीएमसीच्या डोक्यावर मामांची वाडी. आषाढात घरात भिंतींना ओल सुटते, चुलीपुढे घोंगड्या वाळत घालाव्या लागतात. एप्रिल उजाडला की मामी डोक्यावर हंडा घेऊन झऱ्याकडे निघते. खाली जलाशय चमकत असतो. तो दिसतो, पण वर येत नाही; पाण्याला उतार कळतो, माणूस कळत नाही. निवृत्तीचे पैसे आले तेव्हा मामीने एकच गोष्ट मागितली होती : झऱ्यावर मोटार, दारात टाकी, आणि मधे पाइप. मामा म्हणाले, "दोन वरसं दम काढ. पैसे दुप्पट होऊं दे, मग टाकीच काय, नळ बी घरात आणतो."

तर ती कंपनी. तिचे नाव मी सांगत नाही; मामांना अजून तिच्याविषयी माया आहे. पुण्याच्या बाजूची लहानशी कंपनी, कारखान्यांसाठी पाणी शुद्ध करण्याची यंत्रे बनवणारी. मामांना हे काम परके नव्हते. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो आणि विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकली की जंतू मरतात, हे आपण घरीदारी पाहतोच. पण बॉयलरला एवढे पुरत नाही. पाण्यातले क्षार आत थर धरून बसतात, म्हणून ते पाणी राळेच्या बारीक मण्यांतून न्यावे लागते. मणी क्षार धरून ठेवतात, पाणी पुढे जाते. कारखान्यातून बाहेर पडणारे घाण पाणी साफ करण्याची यंत्रे निराळी. तिन्ही त्रिकाळ लागणारा धंदा! आणि चीनला त्याची गरज होती, हेही खोटे नव्हते. २००७ साली तिथल्या ताइहू सरोवरावर हिरव्या शेवाळाची साय आली आणि वुशी शहरात वीसेक लाख लोकांच्या नळाचे पाणी पिण्याजोगे राहिले नाही. २०१५ मध्ये चीन सरकारने पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध मोठा दहा कलमी आराखडा काढला. पुण्याच्या थरमॅक्सने त्याआधीच झेजियांग प्रांतात शीतयंत्रांचा कारखाना काढलेला होता. मामांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलाने हे सगळे त्यांना वहीवर आकृत्या काढून समजावले. मोठ्याला जमले ते लहानाला का जमू नये? मामांनी साठ हजार रुपये घातले.

पहिले वर्ष झकास गेले. मामा वाडीत शेअरचा भाव सांगत फिरत, पूर्वी पातळी सांगत तसा. मग २०२० उजाडले. महामारी आली, कंपनीचे इंजिनिअर तिकडे जाऊ शकेनात, यंत्रे बसवायची राहिली, आणि जी बसली होती त्यांचे पैसे तिकडच्या भागीदाराकडे अडकले. भाव उतरत उतरत तिसऱ्या हिश्श्यावर आला. मामांनी भाव सांगणे बंद केले. मामीने टाकीचे विचारणे बंद केले. मला वाटते, दुसरी गोष्ट जास्त वाईट होती.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी वाडीवर गेलो, तेव्हा मामांनी पेटीतून कंपनीचे वार्षिक अहवाल काढून माझ्यापुढे ठेवले. "तू अर्थशास्त्र घेतलंय ना? मग वाच." खरे सांगायचे तर अर्थशास्त्रात मी मागणी-पुरवठ्याच्या वक्ररेषेपलीकडे फारसा गेलेलो नाही. शिवाय माझाही थोडा स्वार्थ होता. काजव्यांच्या हंगामात मी जलाशयाकाठी पर्यटकांचे तंबू ठोकून आठ हजार रुपये मिळवले होते, आणि मामांचे म्हणणे, "आता स्वस्त झालाय, तू बी थोडे घाल." मोह झाला होता, हे कबूल करतो.

अहवालाची पहिली वीस पाने फोटोंची. हसणारी माणसे, निळे पाणी, चीनच्या लोकसंख्येचा आकडा. मागची पाने बारीक टायपात. तिथे मला 'येणे बाकी' सापडले. वर्षभरातल्या विक्रीचे जवळजवळ निम्मे पैसे अजून यायचेच होते. नफा कागदावर होता, पेटीत नव्हता. मी मामांना हे वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजी हा वहनव्यय."

ज्यांच्याकडे पाट नाही अशा मित्रांसाठी सांगतो. भंडारदऱ्यातून सोडलेले पाणी निळवंड्यात येते, मग ओझरच्या बंधाऱ्यावरून डाव्या-उजव्या कालव्यांना लागते आणि तिथून श्रीरामपूर, राहुरी, नेवाशाकडे जाते. वाटेत काही जिरते, काही उडते, काही कुणी फोडून घेतो. त्याचे नाव वहनव्यय. जे उरते त्यावर आधी मुखाकडचे लोक भिजवणी करतात. कालव्याच्या अगदी शेवटाला असतो तो टेलचा शेतकरी. धरण भरले की पेढे तोही वाटतो. पण त्याच्या वावरात पाणी येईलच, असे कुणी छातीठोक सांगत नाही.

"चीन म्हंजी धरण," मामा म्हणाले. "पाणी लई हाये. पर मी कुठं हाये? टेलला. आधी तिकडचा भागीदार, मग बँका, मग पगार, मग मालक. मी निस्ती धरणाची पातळी वाचत बसलो. जन्मभर तेच काम केलं ना!"

आमच्या सरांना मी हे सांगितले, तर त्यांनी मला सिंगापूरच्या हायफ्लक्स कंपनीविषयी वाचायला लावले. १९८९ मध्ये ऑलिव्हिया लम या बाईंनी अगदी लहान प्रमाणात सुरू केलेली ही पाणी शुद्ध करणारी कंपनी. नव्वदच्या दशकात चीनमध्ये गेली, २००१ मध्ये शेअर बाजारात आली, देशाचा अभिमान झाली. मग तिने समुद्राचे पाणी गोडे करण्याचा मोठा प्रकल्प घेतला आणि शेजारी वीजकेंद्र बांधले. पाणी स्वस्तात द्यायचे, नफा विजेवर काढायचा. विजेचे भाव पडले आणि कंपनी बुडाली ती चीनमुळे नव्हे, पाण्यामुळेही नव्हे, विजेमुळे! २०१८ च्या मे महिन्यात तिने कोर्टाचे संरक्षण मागितले, २०२१ च्या जुलैत ती मोडीत काढण्याचा आदेश झाला. सहा टक्के व्याजाच्या भरवशावर सुमारे ३४ हजार साध्यासुध्या लोकांनी तिच्यात ९० कोटी सिंगापूर डॉलर घातले होते. त्यात निवृत्त माणसे पुष्कळ होती. रांगेत बँका पुढे, ही माणसे मागे. मामांना मी हे वाचून दाखवले, तेव्हा ते हळूच म्हणाले, "तिथं बी टेल हाये का?" त्यांना थोडे बरे वाटले असावे. दुसऱ्याच्या दुःखाने बरे वाटणे चांगले नाही, पण वाटते.

माझे आठ हजार मी घातले नाहीत. यात शहाणपण काही नाही. त्याच आठवड्यात फीची तारीख आली.

मामांनी निम्मे शेअर विकले. आले तेवढ्या पैशांत पाचशे लिटरची काळी टाकी आली, मोटार काही आली नाही. मामी आता झऱ्यावरून हंडे आणून टाकीत ओतते. मामा म्हणतात हा पहिला टप्पा आहे. मामी काही म्हणत नाही. निम्मे शेअर का ठेवलेत, असे मी विचारले, तेव्हा मामा जरा रागावले. "समद्यांनी शेत सोडलं तर कालव्याकडं बघायचं कुणी?"

गेल्या सप्टेंबरात कंपनीची वार्षिक सभा झाली. हल्ली ती फोनवरच होते. बोलायचे असेल तर आधी नाव कळवावे लागते. ते काम मी केले होते. वाडीत रेंज नसल्यामुळे मामा आणि मी छत्री घेऊन वरच्या टेकाडावर गेलो. दीड तास उभे होतो. मामांचा नंबर एकवीसावा. नाव पुकारले तेव्हा त्यांनी टोपी नीट केली, जणू समोरचे बघतच आहेत, आणि घोकून ठेवलेला एकच प्रश्न शुद्ध मराठीत विचारला, "साहेब, चीनमधली वसुली कोण करतो, आणि तो तिथे राहतो की इथे?"

पलीकडून कुणीतरी "अतिशय चांगला प्रश्न" असे म्हणाले. तेवढ्यात रतनगडाकडून धुके आले आणि रेंज गेली.