कस्तुरीचं अत्तर आणि मानेवरचा डाग

बीडजवळच्या एका गावातला तरुण टेम्पोचालक माझ्याकडे तिसऱ्यांदा आला, तेव्हा त्याच्या लग्नाला महिनाच उरला होता. मानेच्या उजव्या बाजूला काळपट, खाजरा डाग. आधी दोन्ही वेळा मी गजकर्ण समजून मलम दिलं होतं. मधे त्यानं मेडिकलमधून स्टिरॉइडची ट्यूबही आणून लावली. डाग हटेना.

त्या दिवशी तो समोर बसला आणि घमघमाट सुटला. कसलं अत्तर, विचारलं. "कस्तुरी, साहेब. शहेनशाहवलीच्या उरुसातलं. रोज लावतो, दोन्ही कानांमागं." अत्तर दोन्हीकडे, डाग मात्र उजवीकडेच, म्हणजे गाडीच्या खिडकीच्या बाजूला. ऊन तिकडूनच लागतं! हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

तुमच्या कुपीवरही 'कस्तुरी' लिहिलेलं असेल. पण कस्तुरीमृगाला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. स्वस्तात मिळतो तो कारखान्यातला वास. १८८८ मध्ये आल्बर्ट बाउर हा जर्मन रसायनतज्ज्ञ स्फोटकांवर काम करत असताना टीएनटीच्या नात्यातल्या एका पदार्थाला कस्तुरीसारखा वास आला, तिथून हा धंदा सुरू झाला. हे वास कपड्यावर दिवसेंदिवस टिकतात, म्हणून साबणात, धुण्याच्या पावडरीतही असतात.

यातलाच 'मस्क अँब्रेट' अंगावर असताना ऊन पडलं तर काहींना अ‍ॅलर्जी होते; युरोपात सौंदर्यप्रसाधनांत त्यावर १९९५ मध्ये बंदी आली. हल्लीचा 'गॅलॅक्सोलाइड' त्वचेला बराच सौम्य, पण लवकर नष्ट होत नाही. नदीच्या पाण्यात, आईच्या दुधातही त्याचे अंश सापडलेत. (म्हणून बाळाला अंगावर पाजणं थांबवू नका, दुधाचा फायदा फार मोठा आहे.) सुट्या अत्तरात काय काय आहे हे विकणाराही सांगू शकत नाही. नेमका दोषी शोधायला पॅच टेस्ट करावी लागते, तीही प्रकाश टाकून.

उन्हात जायचं असेल तर अत्तर अंगावर नको, रुमालावर लावा. डाग उठला असेल तर पूर्ण बंद करा, आणि मनानं ट्यूब लावू नका.

त्याची खाज लवकर थांबली. काळेपणा मात्र महिनोन्‌महिने रेंगाळतो. लग्नात फेट्याचा शेमला त्यावरून सोडला होता. दारात अत्तरदाणी घेतलेल्या मुलानं माझ्या हातावर बोट टेकवलं, नवरदेवाला तेवढं वगळलं.