काळजाचा ठोका चुकतो म्हणजे

'काळजाचा ठोका चुकणे' हा वाक्प्रचार आम्ही दोघे, एक जळगावात आणि एक धुळ्यात, गेली वीस वर्षे शिकवीत आलो आहोत. अर्थ सांगायचा, वाक्यात उपयोग करून दाखवायचा आणि पुढे जायचे. हृदयाला खरोखर असे काही होते काय, हे मराठीच्या तासाला कोणी विचारीत नाही. तो प्रश्न आमच्यापुढे आला तो एका ज्येष्ठ सहकाऱ्यांमुळे. मूत्रपिंडाच्या विकारापाठोपाठ त्यांच्या छातीत धडधड होऊ लागली. धुळ्यातील डॉक्टरांनी विचारले, "धडधड म्हणजे कशी? एकसारखी वेगाने, की मध्येच अडखळून?" सरांनी आयुष्यभर वृत्ते शिकवलेली. शब्द सुचेनात, तेव्हा त्यांनी टेबलावर बोटांनी ठोके वाजवून दाखवले. डॉक्टरांना नेमके तेच हवे होते.

हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. कीथ आणि फ्लॅक यांनी १९०७ मध्ये त्याचे वर्णन केले. विश्रांतीत मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा तो आपण होऊन विद्युत्संदेश सोडतो. खालच्या कप्प्यांतील स्नायुपेशीचा अंतर्भाग एरवी बाहेरच्या तुलनेत सुमारे ९० मिलिव्होल्ट ऋण असतो. संदेश पोचताच सोडियम आत शिरते, मागोमाग कॅल्शियम. पेशी आकुंचन पावते. पोटॅशियम बाहेर पडले की ती पूर्वस्थितीस येते.

ही शिस्त तीन प्रकारे मोडते. भलतीच पेशी स्वतःहून संदेश सोडू लागते; पेशी पूर्वस्थितीस येते न येते तोच नवा झटका उमटतो; किंवा एखाद्या व्रणाभोवती संदेश वर्तुळात फिरत राहतो, पालुपदापुढे न सरकणाऱ्या गाण्यासारखा.

'ठोका चुकला' असे वाटते, तेव्हा बहुधा ठोका गळालेला नसतो. एक ठोका वेळेआधी पडलेला असतो. तोवर हृदय पुरते भरलेले नसल्याने तो क्षीण असतो. त्यानंतर लांबलेली विश्रांती येते आणि मग जोरकस ठोका. छंदशास्त्राच्या परिभाषेत हा अक्षरलोप नव्हे. अवेळी आलेले अक्षर आणि त्यापायी लांबलेला यती. वाक्प्रचाराने अनुभव अचूक टिपला, कारण मात्र उलटे धरले.

पोटॅशियम आमच्या मुलखाला परके नाही. रावेर-यावलची केळी ही जळगावची ओळख. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळाले. शंभर ग्रॅम केळ्यात साधारण ३५० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. निरोगी मूत्रपिंडे जादा पोटॅशियम बाहेर टाकतात. ती थकली की ते रक्तात साचते, पेशींची विद्युत्पातळी ढळते, संदेशवहन मंदावते. प्रमाण फारच वाढले तर हृदय थांबूही शकते. सरांच्या रक्तात ते वाढलेले आढळले. उपचार झाले, केळी वर्ज्य झाली. भेटीस येणारा प्रत्येक आप्त घरच्या बागेतली फणी घेऊन येई. ती परत करणे सरांना औषधापेक्षा कडू गेले.

अधूनमधून असा एखादा ठोका निरोगी माणसालाही जाणवतो आणि तो बहुधा निरुपद्रवी असतो. परंतु घेरी, छातीतील वेदना वा शुद्ध हरपणे सोबत असेल, तर विलंब न करता डॉक्टरांकडे जावे. वृत्त शिकवताना आम्ही मुलांना बोटांनी ताल धरायला लावतो. तीच बोटे आता मनगटावर ठेवायलाही सांगतो. कोणी 'काळजाचा ठोका चुकतो' म्हणाले, तर ते केवळ बोलणे आहे की दुखणे, हे भाषेच्या शिक्षकाने एकदा तरी विचारावे.