बांधाला खांड

यंदा कार्तिकी एकादशीला साजगावच्या जत्रेतून, बोंबल्या विठोबाचं दर्शन घेऊन, मी एकाही बैलाच्या पाठीवर हात न फिरवता परतलो. उजवा खांदा आता नांगर पेलत नाही. लेक म्हणतो, "बाबा, वरची चार खाचरं गवताला सोडा, गाई पाळू." आवणीला माणूस मिळत नाही, तेव्हा त्याचं म्हणणं खोटं नाही.

मी अडलोय ते पाण्यापाशी. दरसाल चिखलणी करून खाचराच्या तळाशी जो घट्ट थर बसवला, तो पाणी मुरू नये म्हणूनच. मारवेलला निचरा लागतो, तो तिथं कुजणार. पॅरा गवत पाण्यात तगेल, पण श्रावणात गाय त्या रबडीत उतरली की खूर सडतात आणि बांध खचतो तो वेगळाच. म्हणजे बांधाला खांड पाडून पाणी काढून द्यायचं. ते उतरणार खाली, वहिनींच्या खाचरात, नुकत्या लावलेल्या रोपावर. कडेनं चर काढावा तर उतार तिरका आहे. भादव्यात तीन रात्री विजेरी घेऊन पाण्याची वाट बघत फिरलो. दर वेळी ते वहिनींच्याच बांधाशी जाऊन थांबलं.

आणि भात बंद केलं की पेंढाही बंद, मागचा वालही गेला. कापणीनंतर गावाची गुरं मोकाट सुटतात. कुंपण नसेल तर माघात माझं गवत सगळ्यांचं.

नेपिअर कापून गोठ्यात टाकणाऱ्यांचं दूध जास्त निघतं, पण त्या लागवडीला मी कुरण म्हणणार नाही. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांनी चिखलणीशिवाय, गादीवाफ्यावर भात घेऊन दाखवलं, तेव्हा मी ते बघायलाही गेलो नाही. चिखलणी आणि बांध यांतच माझी सगळी ऐट होती. सोयरीक जुळवायला गेलो तरी आधी त्यांच्या शेताचे बांध बघायचो आणि वाकडा दिसला की माणसाला मनातून उतरवायचो.

वाडवडिलांनी भाताला खाचर आणि गवताला वरकस असं वाटून ठेवलं होतं. या पट्ट्यातलं गवत तेव्हा मुंबईच्या तबेल्यांपर्यंत जायचं. आमची वरकस बंगलेवाल्याला विकली ती मीच. गवताची जमीन ती काय, असं म्हणून विकली. आज खाचराकडे गवत मागतोय.

परवा फावडं घेऊन वरच्या बांधावर गेलो. वहिनी खाली वाल पेरत होत्या. म्हणाल्या, "भावोजी, खांड पाडायची तर आधी सांगा. मी पुढल्या साली आवणी चार दिवस मागं घेईन."

खांड पाडायची जागा मी खुणेनं दाखवली. तिथंच खेकड्यांची दोन बिळं होती. माती ओली करून दोन्ही बुजवली, टाचेनं दाबली, वरून हात फिरवून सारखी केली.