लॅमिंग्टन रोड ते चर्नी रोडची बाग

मागच्या महिन्यात एका शनिवारी आम्ही दोघी मायलेकी विक्रोळीहून निघालो. दादरला गाडी बदलली आणि ग्रँट रोडला उतरलो. जायचे होते लॅमिंग्टन रोडला. रविवारी तिथली बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून लेकीने कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. घरात एक कॉम्प्युटर असताना आणखी एक लॅपटॉप घ्यावा की घेऊ नये, या प्रश्नावर आमच्या घरी तीन महिने खल चालला होता. तो एकदाचा मिटवावा, एवढ्यासाठी हा प्रवास.

मुलीचे बाबा म्हणत, "एका घरात दोन चुली कशाला?" थोरल्याचे म्हणणे, जुना मोडीत काढा आणि एकच चांगला लॅपटॉप घ्या. धाकटी मात्र काही बोलत नव्हती. ती दिवसा नोकरी करते आणि संध्याकाळी कायद्याच्या वर्गाला जाते. रात्री नऊला घरी येते, तेव्हा एका खोलीत टीव्ही, जेवण आणि पाहुणे असतात आणि कॉम्प्युटरपुढे मी बसलेली असते.

त्या कॉम्प्युटरविषयी थोडे सांगितले पाहिजे. तो आम्ही २००४ साली घेतला. तेव्हा त्याचा मॉनिटर एखाद्या ट्रंकेएवढा होता. कन्नमवार नगरातील आमच्या एका खोलीत तो ठेवायचा म्हणून शिवणयंत्र शेजारणीला देऊन टाकले. त्यानंतर त्याच्या आतले जवळजवळ सगळे बदलले. मॉनिटर दोनदा, पॉवर सप्लाय तीनदा, की-बोर्ड किती वेळा ते आठवत नाही. पण प्रत्येक वेळी जो भाग बिघडला तेवढाच बदलला, बाकीचा चालू राहिला. या यंत्रावर मी पेजमेकर शिकले आणि लग्नपत्रिका, भीमजयंतीची पत्रके, वधूवर मेळाव्याची परिचयपत्रे, वर्षावासातील प्रवचनांचे वेळापत्रक असे सारे जुळवू लागले. विहाराचा जमाखर्चही त्यातच आहे. पत्रिकांच्या चार पैशांनी घराला हात दिला, हे खरे.

आणखी एक खरे आहे, ते लिहायला जड जाते. थोरला डिप्लोमाला होता तेव्हा त्यालाही हाच कॉम्प्युटर लागायचा. लग्नसराईत माझे काम रात्री एक-एक वाजेपर्यंत चाले. तो कोपऱ्यात वाट पाहत बसे आणि तसाच झोपी जाई. नंतर सायबर कॅफेत जाऊ लागला. तिथे तासाला पैसे लागत. दुसऱ्या वर्षी दोन विषय राहिले, मग चार राहिले, मग त्याने शिक्षण सोडले. आज तो टेम्पो चालवतो. त्याने कधी मला बोल लावला नाही. पण धाकटी रात्री पुस्तक घेऊन जिन्यात बसलेली दिसली की मला त्याचा तो कोपरा आठवतो.

असो. लॅमिंग्टन रोडचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव मात्र लोकांच्या तोंडून जात नाही. जुन्या माणसांना हा रस्ता मिनर्व्हा, अप्सरा, नाझ या थिएटरांमुळे ठाऊक आहे. आता तिथे वायरी, चार्जर, कॅमेरे आणि कॉम्प्युटर यांचेच राज्य. फुटपाथवर रिमोटचे ढीग, हातगाडीवर केबलींची भेंडोळी. "मॅडम, लॅपटॉप? प्रिंटर?" असे विचारत दलाल मागे लागतात. त्यांच्यामागे जाऊ नये. खरी दुकाने आतल्या गाळ्यांत आणि जिने चढून वर आहेत.

नव्या लॅपटॉपचे भाव ऐकून आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले आणि जुन्याकडे वळलो. मोठ्या कंपन्यांनी वापरून काढून टाकलेले लॅपटॉप पुसून, दुरुस्त करून विकण्याचा तिथे मोठा धंदा आहे. पहिल्या दुकानात बारा हजारांचा एक लॅपटॉप पुढे आला. दिसायला झकास! लेक तो घ्यायला जवळपास तयार झाली होती. मी सहज विचारले, "याच्यात विंडोज ११ चालेल का?" दुकानदार म्हणाला, "चालवून देतो ना, मावशी." चालवून देतो म्हणजे काय, हे त्याने सांगितले नाही.

हे मी विचारू शकले, कारण कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या आमच्या वस्तीतल्या मुलाने आधीच बजावले होते. विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. (तारीख बघा! आपल्याला ती विसरता येणार नाही.) इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढच्या यंत्रांनाच विंडोज ११ रीतसर बसते. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप बाजारात ढिगाने आणि स्वस्तात आले आहेत. बारा हजारांत मिळतो तो बहुधा त्यातलाच. आपल्या माणसांनी तो घेऊ नयेच असे मी म्हणत नाही. मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली घालून तो अजून काही वर्षे चालेल. पण काय घेतो आहोत हे माहीत असून घ्यावे.

तिसऱ्या दुकानातला पोरगा सरळ होता. त्याने आठव्या पिढीचा एक लॅपटॉप उलटा करून खालचे झाकण उघडून दाखवले. मेमरीची एक जागा रिकामी आहे, हार्ड डिस्कऐवजी एसएसडी आहे, बॅटरी मात्र थकलेली आहे, दीड-दोन तास टिकेल, असे त्याने स्वतःहून सांगितले. किंमत एकोणीस हजार. मग त्याने आमच्या घरच्या कॉम्प्युटरची चौकशी केली आणि म्हणाला, "मावशी, त्यात फक्त एक एसएसडी टाका. दीड-दोन हजारांत पळायला लागेल. लॅपटॉप कशाला घेता?" ग्राहक परत पाठवणारा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहिला.

त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. तेवढ्याच पैशात डेस्कटॉप अधिक काम देतो. त्याला गरम व्हायला आणि थंड व्हायला जागा असते. लॅपटॉपचा की-बोर्ड बिघडला की सारे पोट उघडावे लागते, आमचा मी रद्दीच्या पैशांत बदलला आहे. शिवाय पडदा डोळ्यांसमोर येतो. लॅपटॉपवर वाकून आठ पानांची स्मरणिका जुळवायची तर माझ्या मानेचे काही खरे नाही.

थोरल्याचा उपाय, म्हणजे जुना काढून एकच लॅपटॉप, तोही तिथेच निकालात निघाला. माझी वीस वर्षांची सारी पत्रके आणि पत्रिका श्री-लिपीच्या जुन्या फाँटमध्ये आहेत. ती युनिकोड नव्हे. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. त्या जुन्या आवृत्तीला एक छोटे कुलूप लागते, त्याला डाँगल म्हणतात. आमचे ते कुलूप प्रिंटरच्या रुंद पोर्टात बसणारे आहे. आजच्या लॅपटॉपला तो पोर्टच नसतो. म्हणजे डेस्कटॉप गेला की त्याच्याबरोबर वस्तीचे दप्तरही गेले.

तेव्हा डेस्कटॉप राहणार, एवढे नक्की झाले. लॅपटॉपचे काय, ते ठरेना. आम्ही काहीच न घेता बाहेर पडलो आणि ऑपेरा हाऊसच्या दिशेने चालू लागलो. रॉयल ऑपेरा हाऊसची इमारत २०१६ साली पुन्हा उघडली, ती बाहेरूनच पाहिली. तिथून चर्नी रोड स्टेशन जवळ. स्टेशनालगतच्या बागेत जरा टेकलो.

ही बाग आपल्या इतिहासातली आहे. लोअर परळच्या चाळीत सुभेदार रामजींचे कुटुंब एका खोलीत राहत होते. त्याच खोलीत स्वयंपाक, त्यातच झोपणे, त्यातच सरपण. भीमरावाने लवकर झोपायचे आणि रात्री दोनच्या सुमारास सुभेदारांनी त्याला उठवून दिव्याखाली अभ्यासाला बसवायचे, असा त्या घराचा नेम. शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसे. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी त्या मुलाला हेरले. १९०७ साली तो मॅट्रिक झाल्यावर झालेल्या सत्कारात आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांनी त्याला भेट दिले. पुढे परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेबांनी ५० आणि ५१ अशा दोन खोल्या घेतल्या. एक संसाराला आणि एक अभ्यासाला. त्यानंतर दादरला राजगृह बांधले ते तर ग्रंथांसाठीच.

बागेचे रूप सव्वाशे वर्षांत पालटले आहे. गाड्यांचा आवाज अखंड चालू असतो. बाकावर दोन मुले मोबाइलवर मान घालून बसली होती. मी लेकीला म्हटले, "बघ, पुस्तक हातात घेऊन येता येत होते म्हणून ते इथे आले. आपला कॉम्प्युटर काही उचलून नेता येत नाही."

ती म्हणाली, "आई, मला घरात जागा नकोच आहे. तुझी खुर्चीही नको. विहाराच्या अभ्यासिकेत रात्री अकरापर्यंत दिवा असतो. तिथे टेबल आहे, पंखा आहे. सगळे निकाल आणि नोट्स कॉम्प्युटरवर, आणि मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर चाळीस पानांचा निकाल वाचून माझे डोळे दुखतात. एवढेच आहे."

तीन महिन्यांत हे ती पहिल्यांदा बोलली. आम्ही घरात कोणता कॉम्प्युटर चांगला यावर भांडत होतो आणि तिचा प्रश्न अभ्यासाला बसायचे कुठे हा होता. डेस्कटॉपचा वेग दुप्पट केला असता तरी तो रात्री दहाला अभ्यासिकेत गेला नसता.

सांची आणि बोधगयेच्या सहलीसाठी मी पत्रिकांच्या पैशांतून बावीस हजार बाजूला ठेवले होते. ते मी तिला तिथे सांगितले नाही, घरी गेल्यावर बाबांना सांगितले. "मग सहल?" त्यांनी विचारले. म्हटले, पुढच्या वर्षी. बोधगया कुठे पळून जात नाही. परीक्षा मात्र मे महिन्यात आहे.

पुढच्या शनिवारी तो एकोणीस हजारांचा लॅपटॉप घेतला. बॅटरी थकलेली होती ती घासाघीस करून त्याच किमतीत नवी बसवून घेतली. डेस्कटॉपला एसएसडीही टाकली. खरेच पळायला लागला.

दोन यंत्रे आली की एक नवी कटकट येते, ती इतरांना सांगून ठेवते. पहिल्याच आठवड्यात लेकीने विहाराचा जमाखर्च मदत म्हणून लॅपटॉपवर नेऊन त्यात दानाच्या चार पावत्या लिहिल्या, आणि मी इकडे जुन्याच फाइलमध्ये दुसऱ्या तीन लिहिल्या. महिनाअखेरीस ताळा लागेना. उपासक मंडळींसमोर मान खाली घालायची वेळ आली असती. तेव्हापासून ठरवले आहे, जमाखर्च आणि पत्रके डेस्कटॉपवरच, तिचा अभ्यास लॅपटॉपवरच, आणि दर रविवारी वंदना झाल्यावर दोन्हींची नक्कल एका बाहेरच्या डिस्कवर.

परवा थोरला टेम्पो लावून घरी आला तेव्हा माझी खुर्ची रिकामी होती. तो बसला, कॉम्प्युटर चालू केला आणि बराच वेळ काहीतरी वाचत होता. मी विचारले नाही. जाताना म्हणाला, "आई, राहिलेले विषय बाहेरून देता येतात का, ते बघत होतो."

धाकटी अजून अभ्यासिकेतून यायची आहे. सव्वाअकरा झाले आहेत. बाबा छत्री घेऊन तिला आणायला खाली गेले आहेत, कारण पाऊस आहे आणि लॅपटॉपची पिशवी साध्या कापडाची आहे.