खालून वर

खरेदी रजिस्टरमधून रद्द झालेल्या बिलांच्या ओळी काढायच्या, एवढंच काम. एक्सेलमध्ये दहा ओळींचा मॅक्रो त्याला पुरतो: दुसऱ्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जा, शेऱ्यात ‘रद्द’ दिसलं की ती ओळ डिलीट कर. तो चालतोही. मग एखाद्या महिन्यात लागोपाठची दोन बिलं रद्द होतात आणि त्यांतलं दुसरं शीटवर तसंच राहतं. मॅक्रो पुन्हा चालवला की तेही जातं. इथे बरेच जण ‘दोनदा चालवणे’ अशी चिठ्ठी स्क्रीनला चिकटवून मोकळे होतात. लागोपाठ चार बिलं रद्द झाली, तर दोनदाही पुरत नाही.

पंगतीत पाचव्या पाटावरचा माणूस उठला, मागचे सगळे एकेक पाट पुढे सरकले आणि वाढपी मात्र ठरल्याप्रमाणे सहाव्या पाटाकडे गेला, तर पाचव्यावर नुकताच आलेला उपाशी राहणारच. वाढप्याची मोजणी चुकलेली नसते, त्याच्या पायाखालची पंगत सरकलेली असते. लूपच्या बहुतेक तक्रारींत मला हेच सापडतं. लोक लूपची ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसतात. बघायचं असतं ते त्या फेऱ्याला शीट कसं दिसत होतं, ते.

यावर चटकन सुचणारा उपाय म्हणजे ओळ काढली की मोजणीचा आकडा एकने मागे घ्यायचा. ‘रद्द’ शोधत असताना तो निभावून जातो. तोच मॅक्रो रिकाम्या ओळी काढायला लावला, की एक्सेल गोठतं. कारण फॉर लूप आपली शेवटची हद्द सुरुवातीला एकदाच मोजतो. समजा हद्द ५०० ठरली आणि वाटेत वीस ओळी गेल्या. आता ४८१वी ओळ रिकामी. ती काढली की खालची रिकामी ओळ वर येते, आकडा मागे जातो, पुढच्या फेऱ्यात पुन्हा ४८१. हे संपतच नाही. मग एस्केप नाहीतर कंट्रोल-ब्रेक दाबत बसायचं.

यातून सुटायची जुनी वाट म्हणजे खालून वर चालणं, स्टेप उणे एक. खालच्या ओळी सरकल्या तरी त्या तपासून झालेल्या असतात.

एफ८ दाबत एकेक ओळ पुढे जाणं हे या धंद्यातलं पहिलं शिक्षण, पण त्यातही एक गोम आहे. मॅक्रोत शीटचं नाव न घेता नुसतं ‘सेल्स’ लिहिलेलं असेल, तर तो समोर उघड्या असलेल्या शीटवर काम करतो. तपासता तपासता तुम्ही कुतूहलाने दुसऱ्या शीटवर क्लिक केलंत, की पुढचा फेरा तिथे चालतो! म्हणून मी दर फेऱ्याचा ओळक्रमांक आणि सेलमधला मजकूर वेगळ्या शीटवर उतरवून घेतो. इमिजिएट विंडोत छापता येतं, पण तिथे शेवटच्या सुमारे दोनशे ओळीच टिकतात.

आरडाओरडा करणारे दोष मला आवडतात. इंटिजर ३२,७६७च्या पुढे मोजू शकत नाही. त्यापुढच्या ओळीवर ‘ओव्हरफ्लो’ म्हणून मॅक्रो आडवा होतो आणि सगळ्यांना कळतं. भीती मुक्या दोषांची. २००७च्या आधी शीट ६५,५३६ ओळींचं असे, आता ते १०,४८,५७६चं आहे. जुना मॅक्रो अजून ए ६५५३६पासून वर उडी मारून शेवटची ओळ शोधतो. तो कॉलम सलग त्याच्याही खालपर्यंत भरलेला असेल, तर ही उडी थेट पहिल्या ओळीवर जाते. लूप दोनपासून एकपर्यंत, म्हणजे एकही फेरा नाही. स्क्रीनवर मात्र ‘काम पूर्ण’.

त्याहून वाईट म्हणजे ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’. जीएसटीआर-२बीमध्ये बिल सापडलं नाही, तर व्ही-लुकअप चुकतो, ती चूक गिळली जाते आणि व्हेरिएबलमध्ये मागच्या बिलाचा कर तसाच राहतो. तोच या बिलापुढे जाऊन बसतो. डिम लूपच्या आत लिहिलं म्हणजे दर फेऱ्याला पाटी कोरी होते, ही समजूत खोटी. व्हीबीएमध्ये तसं होत नाही. कोरी आपण करायची.

हल्ली मी लूपमध्ये ओळ काढतच नाही. बाजूच्या कॉलमात खूण करतो आणि शेवटी फिल्टर लावून खुणेच्या सगळ्या ओळी एकदम काढतो. राहिलेल्या अधिक काढलेल्या ओळी मूळ संख्येशी आणि कराची बेरीज बेरजेशी जुळली नाही, तर मॅक्रो फाइल सेव्ह करू देत नाही. ऑफिसातले त्यावर कुरकुरतात, विशेषतः ३बी भरायची २० तारीख जवळ आली की.