जुन्या भाषेंतलें माझें नांव

२०२५ सालच्या पावसाळ्यांत यवतमाळच्या आमच्या घरीं पुण्याहून एका अपरिचित मुलीचा दूरध्वनी आला. "काका, एका बँकेच्या जुन्या प्रोग्रॅमच्या माथ्यावर आपलें नांव आहे. ते आपणच ना?" मी चपापलों. कोबोल भाषेंत आरंभींच कर्त्याचें नांव लिहिण्याची एक ओळ असते. मुंबईच्या नोकरींत असतां १९९८ सालीं मीं तेथें मोठ्या ऐटींत सही ठोकली होती.

ही भाषा १९५९ सालीं अमेरिकेंत जन्मली. खोलीएवढीं यंत्रें आणि ऐंशीं घरांचीं भोंकें पाडलेलीं कार्डें, हा तिचा पहिला संसार. यंत्राची स्मरणशक्ति त्या काळीं फार महाग. म्हणून सालाचे शेवटचे दोनच अंक टिपून ठेवीत. २००० साल जवळ आलें तेव्हां ००चा अर्थ यंत्र १९०० असा करणार, हें ध्यानीं आलें. खरा उपाय सर्वत्र चार अंक लिहिण्याचा. पण वेळ थोडा होता. मीं एक ओळ घातली: अंक ३०हून लहान असेल तर तो विसाव्या शतकाचा नव्हे, पुढच्या शतकाचा समजावा. हें कोठेंही नोंदविलें नाहीं.

त्या योजनेच्या ठेवी पांच वर्षांच्या. आतां नव्या ठेवींची मुदत १९३० सालींच संपलेली दिसूं लागली होती!

आमचे आजोबा दारव्ह्यास लोकांना मोडी कागद वाचून दाखवीत. मोडी शाळांतून गेली, तरी शेतांच्या हद्दी त्या कागदांतच राहिल्या. एप्रिल २०२० मध्यें न्यू जर्सीच्या गव्हर्नरानें, बेकारभत्त्याच्या अर्जांचे ढीग सांचले असतां, कोबोल जाणणारांना जाहीर हांक दिली. तें वाचून, आजोबांचा मान आपल्याकडे आला, असें मला वाटलें होतें. मात्र आजोबांनीं कागदांत अर्धवट मजकूर लिहून ठेवल्याचें कधीं ऐकिलें नाहीं.

मुलगी रागावली नाहीं. तिनें एवढेंच विचारलें, "पण तीसच कां, काका?"

तोंवर मी निवृत्त झालेला असेन, हा हिशेब मीं तिला सांगितला. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "असे आणखी किती प्रोग्रॅम असतील?"

त्याच रात्रीं माळ्यावरच्या वह्या खालीं काढल्या. आतांपर्यंत अकरा सांपडले आहेत.